बॉम जेझूसची दर्शनी भिंत : प्रकल्प नोंदी

९ एप्रिल २०२५

जुने गोवे येथील बॉम जेझूस बॅसिलिकेवर मराठीतून सचित्र पुस्तिका तयार करण्याचे काम आजपासून सुरू केले. पुस्तिकेत चर्चचा इतिहास, वास्तूचे वर्णन आणि दर्शनी भिंतीचे प्रमाणबद्ध आरेखन असावे, असे ठरले आहे. महाराष्ट्रातून येथे येणाऱ्यांची रीघ वर्षभर असते. पण त्यांच्या वाट्याला बहुधा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाच्या पेटीचे ओझरते दर्शन आणि लाल भिंतीसमोरचे एक छायाचित्र एवढेच येते, आणि मग गाडी मंगेशीकडे वळते. थांबून पाहायचे कोणी ठरवलेच, तर हातात धरण्याजोगे मराठीत काही असावे, एवढाच या कामाचा हेतू आहे.

मोजमाप आणि आरेखनाचे काम आमच्या गटातील एक वास्तुविशारद सहकारी पाहतील, छायाचित्रे एक मित्र काढतील आणि मजकुराची जबाबदारी माझी आहे. तिपाई लावून छायाचित्रे घ्यायची तर संरक्षित स्मारकात आधी परवानगी लागते. तो अर्ज आजच पाठवला.

१४ एप्रिल २०२५

स्थापनेचा इतिहास लिहून काढला. आल्फोन्सो द आल्बुकर्क यांनी १५१० मध्ये आदिलशाहीकडून हे शहर घेतले आणि पुढे ते पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी झाले. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी येथे उतरले, तेव्हा त्यांच्या जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाला पोपची मान्यता मिळून जेमतेम दोन वर्षे झाली होती. संघाचे पहिले मोठे ठाणे सेंट पॉल महाविद्यालयात होते. ज्यांनी अंतिम व्रते घेतली आहेत अशा धर्मगुरूंसाठी स्वतंत्र निवास हवा, म्हणून १५८५ ते १५८९ या काळात कासा प्रोफेसा ही वास्तू उभी राहिली आणि तिला लागूनच पुढे चर्च बांधायचे ठरले. आज चर्चच्या उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेला, जी जांभ्याची दुमजली इमारत दिसते ती हीच. १६६३ च्या आगीत तिचे बरेच नुकसान झाले आणि १७८३ मध्ये ती पुन्हा बांधण्यात आली.

चर्चच्या बांधकामाला २४ नोव्हेंबर १५९४ रोजी सुरुवात झाली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. या दोन्ही तारखा आत, गायकवृंदाच्या सज्जाखालच्या स्तंभांवर बसवलेल्या शिलालेखांतून मिळतात. बहुतेक पर्यटक या स्तंभांना पाठ करून वेदीकडे पाहत उभे असतात, त्यामुळे इमारतीची जन्मतारीख त्यांच्या पाठीमागेच राहते. पुस्तिकेत या जागेची खूण नकाशावर ठळक करावी.

पैसा आला तो दों जेरोनिमो मास्कारेन्यश यांच्या मृत्युपत्रातून. कोचीन आणि होर्मुझ या दोन्ही ठाण्यांचे ते कप्तान होते आणि १५९३ मध्ये वारले. या दोन बंदरांची नावे वाचली की मिरी, घोडे आणि मोती यांच्या व्यापाराचा पैसा डोळ्यांसमोर येतो. दात्याचे सोनेरी मुलाम्याचे कांस्य स्मारक आत उत्तरेकडील भिंतीत आहे.

२३ एप्रिल २०२५

ईस्टरची गर्दी ओसरल्यावर मोजमाप सुरू झाले. चर्चचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे. पुरातत्त्व खात्याच्या नोंदीप्रमाणे लांबी ५५.७७ मीटर, रुंदी १६.७६ मीटर आणि उंची १८.५९ मीटर आहे. फुटांत हीच मापे १८३, ५५ आणि ६१ अशी सरळ येतात.

आतील मुख्य दालन एकसंध आहे. गॉथिक चर्चमध्ये असतात तशा बाजूच्या स्तंभरांगा आणि त्यांच्यापलीकडच्या पडव्या येथे नाहीत. या रचनेमागे काळाची एक गरज होती. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनंतर, म्हणजे १५६३ नंतर, कॅथलिक चर्चने प्रवचनाला आणि वेदीवरील विधी सर्वांना दिसण्याला फार महत्त्व दिले; जेझुइटांचा तर सगळा भर प्रवचनावर होता. स्तंभांमागे उभ्या असलेल्या माणसाला ना वेदी दिसते ना प्रवचन नीट ऐकू येते, म्हणून स्तंभच काढून टाकले. रोममधील इल जेझू हे संघाचे मुख्य चर्च १५६८ मध्ये सुरू होऊन १५८४ मध्ये पूर्ण झाले आणि एकाच प्रशस्त दालनाचा नमुना त्याने घालून दिला. बॉम जेझूसची पायाभरणी त्यानंतर दहा वर्षांनी झाली. मात्र इल जेझूसारखा घुमट येथे नाही, आणि बाजूच्या छोट्या प्रार्थनागृहांची रांगही नाही. दालनाला लाकडी छत आणि वर कौले, म्हणजे कोकणच्या पावसाला मानवेल असे छप्पर, एवढ्यावर काम भागवले आहे.

सज्जाखालून वेदीपर्यंत चालत गेले की वाटेत काहीही आडवे येत नाही. रिकाम्या चर्चमध्ये ही मोकळीक थोडी कोरडी वाटते. भरगच्च मिस्साच्या वेळी मात्र तिचा उपयोग लगेच कळतो.

२ मे २०२५

आजचा सगळा दिवस दर्शनी भिंतीवर गेला. भिंत पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सकाळी ती सावलीत असते आणि दुपारनंतर तिच्यावर ऊन येते. छायाचित्रांसाठी चार वाजल्यानंतरची वेळ धरली.

भिंतीची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखीच, साधारण २३ मीटर आहे. खालच्या मजल्यावर तीन दरवाजे आहेत, त्यांपैकी मधला मोठा असून त्याच्या दोन्ही अंगांना कॉरिंथियन स्तंभ आहेत. दुसऱ्या मजल्यावर तीन मोठ्या खिडक्या, तिसऱ्यावर तीन गोल गवाक्षे आणि सर्वांत वर शीर्षफलक. या फलकाच्या मध्यभागी आय-एच-एस ही येशूच्या नावाची अक्षरे, जी जेझुइट संघाची मुद्राही आहे, काळ्या दगडात कोरलेली आहेत. डोरिक, आयोनिक, कॉरिंथियन आणि संमिश्र अशा सर्व अभिजात स्तंभप्रकारांचा वापर या एकाच भिंतीवर झाला आहे. दर्शनी भागावर घंटेचा मनोरा नाही, तो चर्चच्या मागच्या बाजूला आहे. त्यामुळे जुन्या गोव्यातील बहुतेक चर्चपेक्षा ही भिंत वेगळी, एखाद्या उभ्या पाटीसारखी सपाट वाटते.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. चर्चच्या शरीराची उंची साडेअठरा मीटर आणि दर्शनी भिंतीची तेवीसच्या आसपास, म्हणजे वरचे चार-पाच मीटर बांधकाम छपराच्याही वर मोकळे उभे आहे. त्याला पागोळीचा आडोसा नाही. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि भिंतीचे तोंड पश्चिमेला आहे; म्हणजे चार महिने सगळा मारा ती समोरून घेते.

मधल्या दरवाजाशेजारी हाताच्या अंतरावरून पाहिले तर भिंतीत दोन दगड दिसतात. चौथरे, स्तंभ, कंगोरे, चौकटी आणि कोरीव पट्टे काळ्या बेसॉल्टचे आहेत. त्यांच्या कडा अजून बोटाला लागतात, पाने आणि वळसे स्पष्ट आहेत. त्यांच्यामधली सगळी जागा जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेली आहे. चिऱ्याचा पृष्ठभाग लहान-मोठ्या छिद्रांनी भरलेला आहे, काही छिद्रांत पिवळसर माती बसलेली आहे, कोपरे गोलावले आहेत, आणि तळहात टेकवून उचलला तर त्यावर तांबूस भुकटी येते. दोन चिऱ्यांमधले सांधे एकसारखे नाहीत. कोठे बोटभर रुंद तर कोठे त्याहून जास्त. ज्या गवंड्यांनी शेजारच्या बेसॉल्टचे सांधे केसाइतके बारीक ठेवले, त्यांनी जांभ्याचे सांधे असे का सोडले, हा प्रश्न सहकाऱ्यांनी मोजमाप घेताना उपस्थित केला. त्याचे उत्तर गिलाव्यात आहे. त्याविषयी वेगळी नोंद लिहायची आहे.

८ मे २०२५

बेसॉल्टसंबंधी टिपण. हा दगड वसईहून आणला गेला. वसई ते जुने गोवे हे अंतर समुद्रमार्गे चारशे किलोमीटरांहून अधिक भरते. जांभा जमिनीतून ओला असताना कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि हवेवर सुकून घट्ट होतो. घर बांधायला यापेक्षा सोयीचा दगड कोकणात नाही. पण त्यात बारीक कोरीव काम धरत नाही. द्राक्षवेल किंवा देवदूताचा चेहरा कोरायचा तर दाट कणांचा दगड लागतो, आणि तो उत्तर कोकणात मुबलक होता.

वसई १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. तेथील किल्ल्यात जेझुइट चर्चचा दर्शनी भाग अजून उभा आहे. एकाच संघाची चर्चे, एकाच भागातला दगड. फरक एवढाच की वसईचे चर्च छप्पर गमावून भग्नावस्थेत उभे आहे, तर बॉम जेझूसमध्ये रोज प्रार्थना होते. मराठी वाचकाला वसईची मोहीम ठाऊक असते, तिथल्या घंटा कोणकोणत्या देवळांत गेल्या हेही ठाऊक असते; त्या किल्ल्यातील आणि या भिंतीतील दगडाचे नाते मात्र सहसा सांगितले जात नाही. म्हणून या टिपणाला पुस्तिकेत पूर्ण पान द्यावे, असे माझे मत आहे.

१७ मे २०२५

सहकाऱ्यांशी बरीच चर्चा झाली ती या चर्चला बरोक, म्हणजे सतराव्या शतकातील वळणदार आणि नाट्यमय युरोपीय शैलीचे, म्हणावे की नाही यावर. प्रवासी माहितीपत्रकांत ‘भारतातील बरोक स्थापत्याचा उत्कृष्ट नमुना’ हे वाक्य सर्रास असते. दर्शनी भिंतीपुरते ते मला पटत नाही. तिथे सरळ आडव्या पट्ट्या आहेत, उभे भित्तिस्तंभ आहेत आणि त्यांच्या चौकटीत बसवलेली मोजकी दारे-खिडक्या आहेत. भिंत कोठेही आत-बाहेर वळत नाही. हे उत्तर-प्रबोधनकाळाचे, म्हणजे बरोकच्या उंबरठ्यावरचे काम आहे आणि १५९४ या सालाशी ते जुळते. खरे बरोक आत आहे, आणि ते नंतरचे आहे.

मुख्य वेदीमागचा भव्य लाकडी देव्हारा सोन्याच्या वर्खाने मढवलेला आहे. त्याचे स्तंभ पिळाचे आहेत. रोममध्ये सेंट पीटर्स बॅसिलिकेत बर्निनी यांनी १६२३ ते १६३४ या काळात उभारलेल्या कांस्य छत्रीनंतर असे स्तंभ कॅथलिक जगात सर्वत्र पसरले. मध्यभागी संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लॉयोला यांची मोठी मूर्ती आहे, त्यांची नजर वर तेजोवलयातील आय-एच-एस या अक्षरांकडे आहे आणि त्याच्याही वर पवित्र त्रैक्य आहे. ज्याच्या नावाने चर्च आहे तो बाळ येशू मात्र खाली, लहानशा मूर्तीच्या रूपात आहे. या मांडणीत संघाचा स्वतःविषयीचा अभिमान दिसतो, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

दक्षिणेकडील भिंतीवर लाकडी प्रवचनपीठ आहे. त्याच्या तीन बाजूंवर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चार धर्माचार्य कोरलेले आहेत, आणि तळाशी सात मूर्ती आहेत, ज्यांनी हे सगळे ओझे पेलले आहे असा आविर्भाव आहे. महाराष्ट्रातील यादवकालीन देवळांत स्तंभशीर्षावर छत तोलून धरणारे कीचक ज्याने पाहिले आहेत, त्याला या सात जणांसमोर थोडा वेळ थांबावेसे वाटेल. येथील लाकूडकाम स्थानिक कारागिरांच्या हातचे, आणि त्यांचे वाडवडील कशावर हात बसवून आले असतील याचा अंदाज करता येतो. पण थेट संबंध जोडण्याइतका पुरावा आमच्यापुढे नसल्याने पुस्तिकेत ही तुलना केवळ पाहण्याची एक दिशा म्हणून दिली आहे.

२८ मे २०२५

समाधीचा मजकूर पूर्ण केला. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियान बेटावर वारले. त्यांचे पार्थिव आधी मलाक्काला आणि तेथून मार्च १५५४ मध्ये गोव्याला आणले गेले, आणि ते बरीच वर्षे सेंट पॉल महाविद्यालयात होते. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद मिळाले आणि त्यानंतर पार्थिव बॉम जेझूसमध्ये आले. म्हणजे चर्च उभे राहिले तेव्हा ते या समाधीसाठी बांधलेले नव्हते. समाधी नंतर आली आणि तिने चर्चचे सगळे माहात्म्य स्वतःकडे ओढून घेतले.

चांदीची पेटी १६३६–३७ मध्ये गोव्यातील चांदी-कारागिरांनी घडवली. ती करवून घेण्यात नेपल्सचे जेझुइट मार्सेलो मास्त्रिल्ली यांचा पुढाकार होता. झेवियर यांच्या कृपेने आपण मरणातून उठलो अशी त्यांची श्रद्धा होती, आणि पेटीचे काम चालू असतानाच ते पुढे जपानला जाऊन १६३७ मध्ये मारले गेले. पेटीच्या बाजूंवर संताच्या आयुष्यातील प्रसंगांचे ३२ फलक आहेत. आराखडा इटालियन वळणाचा, पण पत्र्यावर ठोकून उठवलेली वेलबुट्टी पाहिली की काम करणारे हात कोठले होते ते सांगावे लागत नाही.

पेटी ज्यावर ठेवली आहे ते संगमरवरी आसन फ्लॉरेन्सचे. तुस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो द मेडिची यांना संताच्या डोक्याखालची उशी भेट म्हणून मिळाली आणि परतफेड म्हणून त्यांनी हे आसन पाठवले. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांना त्यासाठी दहा वर्षे लागली. सुटे भाग जहाजाने १६९८ मध्ये गोव्यात पोहोचले आणि ते जोडण्यासाठी प्लाचिदो रांपोनी हे कारागीर बरोबर आले होते. आसनाच्या चार बाजूंवर कांस्याचे चार फलक आहेत. प्रवचन, बाप्तिस्मा, मोलुक्का बेटांवरील संकट आणि सांशियान बेटावरील मृत्यू असे त्यांचे विषय आहेत. समाधी उंचावर असल्याने खालून पेटी नीट दिसत नाही, पण हे फलक डोळ्यांच्या पातळीच्या जवळपास आहेत. गर्दीत सगळ्यांच्या माना वर असतात, त्यामुळे फोज्जिनींचे उत्तम काम पाहायला जागा नेहमी मोकळी मिळते.

दर दहा वर्षांनी पेटी खाली उतरवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवतात. ताजा दर्शनसोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला.

६ जून २०२५

मराठी वाचकासाठी १६८३ ची नोंद आवश्यक वाटली. त्या वर्षी नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने शहराच्या जवळचे जुवे बेट घेतले आणि तेथून गोवे शहर हाकेच्या अंतरावर होते. व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द ताव्होरा, आल्व्होरचे काउंट, प्रतिहल्ला करायला गेले ते पराभूत होऊन परतले. शहर राखता येईल अशी आशा उरली नाही, तेव्हा ते बॉम जेझूसमध्ये आले, संताची पेटी उघडवली आणि आपला राजदंड पार्थिवापाशी ठेवून राज्य त्यांच्या स्वाधीन केले. शहाआलमच्या नेतृत्वाखाली मोगल सैन्य कोकणात उतरत असल्याने मराठ्यांना माघारी वळावे लागले. गोव्यात त्याचे श्रेय संताला मिळाले, आणि नवे व्हाइसरॉय व गव्हर्नर या समाधीपाशी येऊन अधिकारदंड स्वीकारू लागले.

सहकाऱ्यांपैकी एकाने हा प्रसंग पुस्तिकेच्या सुरुवातीलाच घ्यावा, वाचक लगेच गुंतेल, असे सुचवले. मी ते मान्य केले नाही. पुस्तिका वास्तूची आहे, आणि वास्तूच्या इतिहासात या प्रसंगाचे महत्त्व एवढेच की त्यानंतर ही समाधी राज्यकारभाराचा भाग झाली.

१३ जून २०२५

उतरत्या काळाचे टिपण थोडक्यात लिहिले. साथीच्या रोगांनी शहर ओस पडत गेले; १७५९ मध्ये पोर्तुगालचे मंत्री मार्केस द पोंबाल यांच्या धोरणाने जेझुइटांची पोर्तुगालच्या सर्व मुलखांतून हकालपट्टी झाली; १८४३ मध्ये राजधानीचा दर्जा अधिकृतपणे पणजीकडे गेला. शेजारच्या सेंट ऑगस्टिन चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले आणि आज त्याचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. बॉम जेझूस वाचले याचे कारण समाधी. ज्या चर्चमध्ये लोक येत राहिले त्याची डागडुजी होत राहिली. उत्तरेकडील भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी १८६२ मध्ये जोडल्या. दक्षिणेला कासा प्रोफेसाचा आधार असल्याने तिकडे त्यांची गरज पडली नाही. १९४६ मध्ये चर्चला लहान बॅसिलिकेचा दर्जा मिळाला आणि १९८६ मध्ये गोव्यातील चर्च व मठांचा समूह जागतिक वारसा यादीत आला.

२४ जून २०२५

पाऊस लागून राहिला आहे, त्यामुळे आजची भेट मुद्दाम ठेवली. चर्चसमोर छत्री धरून दोन तास भिंतीचे निरीक्षण केले. बेसॉल्टच्या कंगोऱ्यांवरून पाणी सरळ खाली गळते. जांभा मात्र पाणी शोषतो, गडद होतो आणि संपृक्त झाल्यावर सांध्यांतून पाझरू लागतो; काही कंगोऱ्यांखालून उतरणारे ओघळ तांबूस होते.

आता गिलाव्याविषयी. आज ज्या लाल भिंतीमुळे हे चर्च ओळखले जाते, ती भिंत अशी उघडी ठेवण्यासाठी बांधलेली नव्हती. जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता, जुन्या छायाचित्रांत तो दिसतो, आणि शेजारचे से कॅथेड्रल व सेंट कायेतान चर्च आजही पांढरी आहेत. १९५२ हे झेवियर यांच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष होते. त्या सुमारास जुन्या गोव्यातील स्मारकांची दुरुस्ती पोर्तुगालमधून आलेले वास्तुविशारद बाल्ताझार द कास्त्रो यांच्या देखरेखीखाली झाली आणि त्या कामात बॉम जेझूसचा गिलावा काढून टाकण्यात आला. पोर्तुगालमध्ये सालाझार यांच्या राजवटीत अनेक जुन्या चर्च व किल्ल्यांवरचे नंतरचे थर खरवडून ‘मूळ’ दगड उघडा करण्याची पद्धत रूढ होती. प्राचीन दिसणारे स्मारक राष्ट्राच्या प्राचीनतेची साक्ष देते, असा त्यामागचा विचार होता. तिकडच्या ग्रॅनाइटला ते काही काळ मानवले असेल. सच्छिद्र जांभ्याला, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर, ते मानवण्यासारखे नव्हते.

चुन्याचा गिलावा भिंतीवरचे नुसते सौंदर्यप्रसाधन नसतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, पावसाचा मारा स्वतःवर घेतो, आणि तरीही भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. काही वर्षांनी तो झिजतो, फुगतो, गळतो. मग तेवढा भाग खरवडून नवा लावायचा. झिजायचे ते गिलाव्याने झिजावे आणि दगड शाबूत राहावा, हीच योजना. २ मेच्या नोंदीतील सांध्यांचा प्रश्न येथे सुटतो. जे झाकायचे आहे त्याचे सांधे कोणी घोटून बसत नाही. उलट खडबडीत चिरा आणि रुंद सांधा गिलाव्याला पकड देतात. जे दिसायचे होते, त्या बेसॉल्टवर मात्र गवंड्यांनी हात राखला नाही.

भिंतीला पुन्हा गिलावा करावा, अशी मागणी २०२० मध्ये बॅसिलिकेच्या रेक्टरांनी जाहीरपणे केली होती. त्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, गेल्या सत्तर वर्षांत लाल भिंत हीच या वास्तूची ओळख झाली आहे, जागतिक वारसा यादीतही ती याच रूपात गेली, आणि घाईने चुकीचे मिश्रण लावले तर नुकसान अधिक होईल. शेवटचा मुद्दा योग्य आहे. सिमेंटचा गिलावा लावला तर ओल आत कोंडून दगड आतून सडेल. चुना, वाळू आणि त्यांचे प्रमाण या जांभ्यावर तपासूनच काम व्हायला हवे. पण ओळखीचा मुद्दा मला पटत नाही. सुमारे साडेतीनशे वर्षांच्या वापराच्या तुलनेत सत्तर वर्षांच्या छायाचित्रांना किती वजन द्यायचे, हा प्रश्न आहेच; त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती ओळख भिंतीची भुकटी होण्याच्या मोबदल्यात मिळाली आहे.

११ जुलै २०२५

आरेखन कसे करावे यावर मतभेद झाले. सहकाऱ्यांनी प्रत्येक चिरा मोजून, सर्व सांध्यांसह भिंत काढली होती. काम अत्यंत नेटके आहे आणि संवर्धनासाठी तेच उपयोगी पडेल. मात्र त्या कागदावर नजर चिऱ्यांच्या जाळीतच अडकते. म्हणून मी सुचवले की त्याच मापाचे दुसरे आरेखन करावे, ज्यात जांभ्याचे सांधे वगळून केवळ बेसॉल्टचे भाग आणि दारे-खिडक्या दाखवायच्या. रंग भरायचा नाही. गिलाव्याचा नेमका रंग आणि पोत आपल्याला सांगायचा नाही, भिंतीची रचना दाखवायची आहे.

दुसरे आरेखन आज संध्याकाळी हाती आले आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. फरक अपेक्षेहून मोठा आहे. सांधे गेल्याबरोबर काळ्या दगडाची चौकट पुढे येते : उभे भित्तिस्तंभ तळापासून वरपर्यंत तीन उभे भाग पाडतात, आडवे कंगोरे मजले वेगळे करतात, दरवाजा, खिडकी आणि गोल गवाक्ष एकाखाली एक ओळीत बसतात आणि जसजसे वर जावे तसतसा त्यांचा आकार आटोपशीर होत जातो. शीर्षफलकावरील संघमुद्रेकडे डोळा आपोआप जातो, कारण तिच्याभोवती आता मोकळी जागा आहे. लाल भिंतीसमोर उभे राहिल्यावर हे सगळे दिसत नाही असे नाही, पण गडद दगडाशेजारी गडद दगड असल्याने ते शोधावे लागते. दर्शनी भाग थोडा अवजड आणि गर्दीचा आहे, असे माझे आतापर्यंतचे मत होते. त्या गर्दीतला मोठा वाटा चिऱ्यांच्या सांध्यांचा होता, जे बांधणाऱ्यांनी कधी दाखवलेच नव्हते.

२ ऑगस्ट २०२५

पानांची अंतिम मांडणी ठरली. दोन्ही आरेखने १:१०० या प्रमाणात समोरासमोरच्या पानांवर जातील. डावीकडे गिलाव्यासह, उजवीकडे आजची स्थिती, आणि त्यांच्यामधोमध पाऊस कोणत्या बाजूने लागतो ते दाखवणारा बाण. मुखपृष्ठासाठी मित्राने उन्हातल्या लाल भिंतीचे छायाचित्र निवडले आहे. त्याला हरकत घेतली नाही. वाचक चर्च ओळखेल ते त्याच रूपात, आणि पुस्तिका उघडली तरच पुढचा प्रश्न निघेल.

डाव्या पानाखालचा मजकूर असा नक्की केला : ‘बॉम जेझूसची दर्शनी भिंत, १९५० च्या दशकाआधीच्या रचनेनुसार. चित्रातील मोकळी जागा म्हणजे जांभ्यावरील चुन्याचा गिलावा. रेषांनी दाखवलेले सर्व भाग वसईच्या बेसॉल्टचे.’ उजव्या पानाखाली मोजमापाचे वर्ष आणि सर्वाधिक झिजलेल्या चिऱ्यांची खूण एवढेच असेल. छापखान्याला वेगळी सूचना दिली आहे की डाव्या पानावर कागदाचा पांढरा तसाच ठेवावा, त्यावर शोभेसाठी फिकट विटकरी छटा देऊ नये. पहिल्या नमुना प्रतीत ती दिली गेली होती.